सिसटिकचं घड्याळ मागे पडतंय? कोड नंतर, आधी किती मागे ते मोजा

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेला मी घंटेचा कंट्रोलर करून दिला होता. एसटीएम३२एफ१०३ चिपचा तो सगळीकडे मिळणारा निळा बोर्ड, घंटेसाठी एक रिले, आणि तास किती उरलाय ते दाखवायला ६० एलईडींची गोल पट्टी. वेळ मोजायला वेगळी चिप टाकली नाही. क्रिस्टल आहे, चिपमध्येच सिसटिक टायमर आहे, दर मिलिसेकंदाला एक इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष मागणारा इशारा) घ्यायचा, हजार झाले की एक सेकंद. टेबलावर, पट्टी चालू न करता, दोन तास चालवून पाहिलं, फोनच्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळलं. पंधरा दिवसांनी शाळेतल्या शिपाईमामांचा फोन.

"सर, घंटा आठवड्याला साडेचार मिनिटं मागं पडतीय. मधल्या सुट्टीला पोरं घंटेच्या आधीच डबे काढून बसत्यात."

अशी तक्रार माझ्याकडे वर्षातून चार-पाचदा तरी येते, कधी स्वतःच्या कामात, कधी विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये. "टायमर बरोबर लावलाय पण वेळ चुकतेय", आणि खाली तीनशे ओळींचा कोड. कोड मी नंतर वाचतो. आधी विचारतो, किती चुकतेय आणि कधी चुकतेय? सिसटिकच्या बहुतेक चुका स्वतःचा ठरावीक आकडा घेऊन येतात, त्यामुळे तो आकडा हातात आला की निम्मं काम झालेलं असतं.

आधी हा टायमर करतो काय ते बघू. सिसटिक कॉर्टेक्स-एम गाभ्यातच, म्हणजे चिपमधल्या प्रोसेसरमध्येच, बसलेला २४ बिटांचा काउंटर आहे आणि तो उलटा मोजतो. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक कमी. १ वरून ० वर उतरताना इंटरप्टची मागणी लागते, आणि त्याच्या पुढच्या ठोक्याला लोड रजिस्टरमधला आकडा आपोआप परत भरला जातो. पुन्हा उतरण सुरू. या भरण्यात सॉफ्टवेअरचा हात नाही. तुमचा हँडलर, म्हणजे इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन, उशिरा पोचला, लांबला, किंवा पोचलाच नाही, तरी काउंटरला त्याचं सोयरसुतक नसतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत.

आता उतरणीत ० हाही एक ठोका आहे. म्हणजे लोडमध्ये ९००० लिहिले तर ९००० पासून ० पर्यंत ९००१ ठोके होतात. ९००० ठोक्यांचा टिक हवा असेल तर लिहायचे ८९९९. हे पुस्तकात सगळेच वाचतात, मीही वाचलं होतं, आणि तरी ९००० लिहिले. सवयीचा दोष, पण सवय कुठली तेही सांगतो. कॉलेजात आम्ही ८२५३ शिकलो. इंटेलची ही तीन उलट्या काउंटरांची चिप १९८१च्या आयबीएम पीसीत होती, आणि आमच्या लॅबमधल्या किटवरही. तिच्या मोड २ मध्ये N लिहिलं की बरोबर N ठोक्यांनी पल्स मिळतो, कारण ती १ वर आली की पुढच्या ठोक्याला परत भरते, ० पर्यंत जातच नाही. तिथे वजा एक केलं की चुकतं, इथे केलं नाही की चुकतं. दोन्हींना 'डाउन काउंटर' म्हणायचं आणि हिशेब मात्र वेगळे!

या एका ठोक्याची किंमत किती? माझा गाभा ७२ मेगाहर्ट्झवर होता, पण सिसटिकला मी त्याचा आठवा भाग, म्हणजे ९ मेगाहर्ट्झ दिला होता. टिकमागे ९०००त एक ठोका जास्त म्हणजे १११ पीपीएम (दहा लाखांत १११), दिवसाला ९.६ सेकंद, आठवड्याला ६७. हीच चूक थेट ७२ मेगाहर्ट्झवर केली असती तर ७२,०००त एक, म्हणजे दिवसाला १.२ सेकंद. साध्या क्रिस्टलची २० पीपीएमची सूट दिवसाला १.७ सेकंद होते, म्हणजे ही चूक क्रिस्टलच्या नावावर खपून गेली असती. कितीतरी चालू उत्पादनांत ती तशीच खपलेली असणार असं माझं मत आहे. आणि टेबलावरच्या दोन तासांत? ९.६ सेकंदांचा बारावा भाग, ०.८ सेकंद. डोळ्याला 'जुळलं' असंच दिसणार. किमान चोवीस तास लावल्याशिवाय घड्याळ तपासलं असं म्हणूच नये.

वजा एक केलं, मोठ्या दिमाखात बोर्ड परत दिला. आठवड्याने फोन. "सर, आता साडेतीन."

त्या साडेतीन मिनिटांकडे येतोच. त्याआधी बाकीचे ओळखीचे आकडे सांगून टाकतो, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकांचा घोळ यांतलाच असेल.

बरोबर आठपट की बरोबर नऊपट

एलईडी सेकंदाला लुकलुकायला हवा आणि तो भलताच सावकाश लुकलुकतोय. स्टॉपवॉच लावून दहा लुकलुकी मोजा. ८० सेकंद लागले तर सिसटिकच्या कंट्रोल रजिस्टरमधला क्लॉक निवडणारा बिट ० आहे. टायमर गाभ्याच्या क्लॉकवर नाही, त्याच्या आठव्या भागावर चाललाय. ९० सेकंद लागले तर रोग वेगळा. बाहेरचा क्रिस्टल सुरूच झाला नाही, क्लॉकचा वेग वाढवणारा पीएलएल लागला नाही, आणि चिप बिचारी आतल्या, क्रिस्टलशिवाय चालणाऱ्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर चालतेय, तर तुम्ही आकडा भरलाय ७२ मेगाहर्ट्झचा. पहिल्यात एक बिट बदलायचा, दुसऱ्यात सोल्डरिंग आणि क्रिस्टलचे कपॅसिटर बघायचे. ८० आणि ९० मधला फरक ओळखता आला नाही तर माणूस दोन दिवस चुकीच्या जागी खणत बसतो.

उलटी बाजूही आहे. सिसटिक आठपट जलद धावत असेल तर बघा, क्लॉकचा स्रोत तुम्ही आधी निवडला आणि सिसटिक कॉन्फिग हे तयार फंक्शन नंतर बोलावलंत का? ते फंक्शन क्लॉकचा बिट मुकाट्याने परत गाभ्यावर नेऊन ठेवतं. क्रम उलटा करा, झालं.

सेकंदाला पंधरा वेळा

७२ मेगाहर्ट्झवर एक सेकंदाचा टिक हवा म्हणून लोडमध्ये सरळ ७,१९,९९,९९९ लिहिणारे भेटतात. २४ बिटांत मावतात जास्तीत जास्त १,६७,७७,२१५. वरचे बिट गळून पडतात, उरतात ४८,९१,१३५, आणि इंटरप्ट येतो दर ६८ मिलिसेकंदांनी. एलईडी फडफडतो. गंमत म्हणजे हाच प्रोग्राम आधी ८ मेगाहर्ट्झवर छान चाललेला असतो, कारण तिथे २४ बिटांत दोन सेकंदांहून थोडं जास्त मावतं. वेग वाढवला की ती मर्यादा ०.२३३ सेकंदावर येते. तयार फंक्शन वापरलं तर ते इतका मोठा आकडा नाकारतं, १ परत देतं आणि टायमर सुरूच करत नाही. परत आलेला आकडा कोण तपासतं म्हणा.

इंटरप्ट येतच नाही

डीबगर लावा, चालू प्रोग्राम थांबवा आणि बघा गडी कुठे अडकलाय. स्टार्टअप फाइलमधल्या डीफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये असेल तर इंटरप्ट येतोय, तुमचा हँडलर सापडत नाहीये. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कंपायलर तक्रार करत नाही, कारण स्टार्टअप फाइलमध्ये त्याच नावाचा एक कमकुवत पर्याय आधीच असतो. सी-प्लस-प्लसच्या फाइलमध्ये हँडलर लिहून त्याला 'एक्स्टर्न सी' न लावणाऱ्यांचंही हेच होतं. बूटलोडर (मुख्य प्रोग्रामच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) असेल तर व्हेक्टर टेबलचा, म्हणजे हँडलरच्या पत्त्यांच्या यादीचा, पत्ता नव्या जागी नेला का तेही बघून घ्या.

प्रोग्राम डीफॉल्ट हँडलरमध्ये नाही, पण एखाद्या डिले फंक्शनमध्ये कायमचा रुतलाय? मग ते डिले दुसऱ्या कुठल्यातरी इंटरप्टच्या आतून बोलावलेलं असणार. सिसटिकचा अग्रक्रम त्याच्या बरोबरीचा किंवा खालचा असेल तर सिसटिकला आत शिरताच येत नाही, टिक वाढत नाही, आणि डिले टिक वाढण्याची वाट बघत बसतं. इंटरप्टच्या आत डिले नको, एवढंच. अग्रक्रम वर-खाली करून ते 'चालवून' घेणारे पुढे दुसरीकडे अडकतात. आणि डीबग बिल्डमध्ये चालतं पण ऑप्टिमाइझ केलं की लटकतं असं असेल, तर टिकच्या चलापुढे व्होलाटाइल (हे चल इंटरप्टमध्ये बदलू शकतं, अशी कंपायलरला सूचना) लिहिलंय का? दहातल्या सात जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

दिवसाला पाच मिनिटं, किंवा चौदा

चौदा मिनिटं म्हणजे १ टक्का. चिप आतल्या आरसी ऑसिलेटरवर आहे, त्याची अचूकता असते साधारण तेवढीच, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तो वेगळं वागतो, डिसेंबरात वेगळं. सकाळ-दुपारचा फरक दिसत असेल तर कोड उघडूसुद्धा नका, क्रिस्टल लावा.

पाच-सात मिनिटंच, पण रोज नेमाने तेवढीच मागे पडत असतील तर मला ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरचा वास येतो. आपल्याकडे बहुतेकांचा पहिला टायमर ८०५१चा. तिथे १६ बिटांच्या मोड १ मध्ये दर इंटरप्टला हाताने आकडा परत भरावा लागतो, कारण आपोआप भरणारा मोड २ आठच बिटांचा. ती सवय हातात बसते आणि माणूस सिसटिकच्या हँडलरमध्येही काउंटर 'पुन्हा सुरू' करतो. चालू मोजणीच्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिलं तरी ते शून्य होतं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. कॉर्टेक्स-एम३ला हँडलरमध्ये शिरायलाच १२ ठोके लागतात, वर तुमच्या दोन-चार ओळींचे काही. समजा ३० ठोके वाया गेले. ८ मेगाहर्ट्झवर ८०००च्या टिकला ३० ठोक्यांची भर म्हणजे दिवसाला ३२४ सेकंद. हँडलरमधली ती ओळ खोडा. काउंटरने स्वतःला केव्हाच भरून घेतलेलं असतं.

चालू मोजणीच्या रजिस्टरला एकदाच लिहायचं, टायमर सुरू करण्याआधी. रीसेटनंतर त्यात काय असेल याची खात्री नसते, त्यामुळे न पुसता सुरू केलं तर पहिला टिक भलत्याच वेळी येतो.

आणि आता ती साडेतीन मिनिटं

हा प्रकार सगळ्यांत चिवट, कारण याचा आकडा ठरलेला नसतो. मी मामांना म्हटलं, रोज शाळा उघडताना आणि बंद करताना फोनमधल्या वेळेशी ताडून किती सेकंद मागे ते वहीत लिहा. त्यांनी हजेरीच्या जुन्या वहीत मागच्या बाजूला दोन रकाने आखले आणि शनिवारी रात्री फोटो पाठवला. सकाळी सातपासून पाचपर्यंत रोज पस्तीसेक सेकंद मागे, आणि पाचपासून दुसऱ्या सकाळी सातपर्यंत जवळजवळ काही नाही. सोमवारी सकाळी पुन्हा फोन.

"सर, शनिवारी संध्याकाळी होतं तेवढंच आजबी मागं हाय. रईवारी त्याला काय झालं न्हाय."

क्रिस्टलला वार कळत नाही. रविवारी जे बंद असतं त्यातच दोष, आणि रविवारी बंद होती ती एलईडींची पट्टी.

पट्टी डब्ल्यूएस२८१२ जातीची. तिला एकाच तारेवरून, मायक्रोसेकंदाच्या अंशांत मोजून बिट पाठवावे लागतात, मध्ये खंड चालत नाही. म्हणून मी पाठवताना इंटरप्ट बंद करत होतो. एका एलईडीला २४ बिट, प्रत्येकी १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. ६० एलईडींना १.८ मिलिसेकंद. तेवढा वेळ सिसटिकचा काउंटर आपला उतरतोय, भरतोय, मागणी लावतोय, पण दार बंद. आणि प्रलंबित मागणीची पाटी एकच आहे, एक बिट. बाहेर एक जण उभा आहे की दोन, ते तिला सांगता येत नाही. दार उघडल्यावर हँडलर एकदाच चालतो.

१.८ मिलिसेकंदांच्या खिडकीत टिक एक पडेल की दोन, हे खिडकी कधी उघडली त्यावर ठरतं. माझ्या कोडमध्ये सेकंद पालटला की आधी रंगांचा हिशेब व्हायचा, त्याला ०.३ मिलिसेकंद लागायचे, मग इंटरप्ट बंद. म्हणजे टिक पडायचे खिडकी उघडल्यापासून ०.७ आणि १.७ मिलिसेकंदांना. दोन्ही आत. एक जगायचा, एक मरायचा, दर सेकंदाला न चुकता. दहा तासांत ३६,००० टिक म्हणजे ३६ सेकंद. वहीतले पस्तीस आणि हे छत्तीस यांच्यातला फरक कुठून आला तेही पुढे कळलं.

रंगांचा हिशेब दुसरीकडे हलवला तर खिडकी टिकनंतर लगेच उघडते, आत एकच टिक सापडतो आणि चूक नाहीशी होते. मी हे खरंच केलं, आणि दोन दिवस खुशीत होतो. मग लक्षात आलं की उद्या कोडमध्ये चार ओळी वाढल्या की हे भूत परत येणार. असं जागा बदलून पळवलेलं दुखणं पुढे फार जाच देतं. शेवटी पट्टीचं काम एसपीआय आणि डीएमएकडे, म्हणजे गाभ्याला न गुंतवता डेटा पाठवणाऱ्या चिपमधल्याच हार्डवेअरकडे, सोपवलं. इंटरप्ट बंद करायची गरजच उरली नाही.

तुमच्याकडे पट्टी नसेल, पण टिक खाणारे दुसरे असतात. फ्लॅशमध्ये लिहिणं, इंटरप्ट बंद करून केलेलं एखादं लांबलचक कॉपी करणं, आणि सगळ्यांत जास्त, हँडलरच्या आत बसलेलं प्रिंट. ९६०० बॉडवर एक अक्षर पाठवायला दहा बिट, म्हणजे १.०४ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंदाच्या टिकमध्ये एक अक्षरसुद्धा मावत नाही, आणि लोक 'टिक आला' अशी आख्खी ओळ छापतात. तपासायला सोपा उपाय असा की हँडलरमध्ये एक पिन पालटायची आणि लॉजिक अ‍ॅनलायझरवर बघायची. १ मिलिसेकंदाच्या टिकला ५०० हर्ट्झचा चौकोनी तरंग दिसेल, हजाराचा नाही, कारण एका आवर्तनात पिन दोनदा पालटते. तरंगात कुठे दुप्पट रुंद दात दिसला की तिथे टिक मेला. त्या क्षणी दुसरं काय चाललं होतं ते शोधण्यासाठी दुसरी पिन संशयितावर लावा. डीबगरचा ब्रेकपॉइंट इथे कामाचा नाही, गाभा थांबला की सिसटिकही थांबतो आणि चोरी दिसायची बंद होते.

एक सावधगिरी, जी मला फुकट मिळाली. मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. शाळा जूनच्या मध्याला सुरू झाली तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. 'आत्ताची वेळ ठरल्या वेळेपेक्षा मोठी का' असं विचारलं असेल तर त्या दिवशी घंटा गप्प बसते किंवा वाजतच राहते. आत्ताच्यातून सुरुवातीची वेळ वजा करायची आणि अंतर तपासायचं, म्हणजे चिन्हविरहित वजाबाकी उलटूनही बरोबर उत्तर देते. दुसऱ्या एका कामात हा फटका खाल्ला होता म्हणून इथे आधीच केलं होतं.

डीएमए लावल्यानंतरच्या आठवड्यात घड्याळ मागे नाही, ९ सेकंद पुढे निघालं. सात दिवसांत ९ सेकंद म्हणजे १५ पीपीएम, क्रिस्टलच्या हद्दीतलं. छत्तीसाचे पस्तीस करणारा तो हाच. हे लोडच्या आकड्याने सुधारता येत नाही, कारण तिथली एक पायरीच १११ पीपीएमची आहे. म्हणून दर ६७ सेकंदांनी एक टिक मुद्दाम मोजायचा नाही, असं हँडलरमध्ये टाकलं. पुढच्या वेळी मात्र ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावून चिपमधलाच आरटीसी (खास वेळ मोजणारा भाग) वापरणार आहे. त्याचाही विभाजक उलटाच मोजतो, आणि त्यात लिहायचे ३२,७६७.